चौदा घरांचं पाणी

अलिबागकडची म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नारळाच्या बागा डोलायला लागतात. "काय नशीबवान हो तुम्ही," तो म्हणतो, "बालपण कसलं सुंदर गेलं असेल!" अशा माणसाला मी आधी एवढंच सांगते, की आमच्या पाड्यात नारळाचं झाड नव्हतं. एकसुद्धा नव्हतं. किहीमला होती, चौलला होती. आमच्याकडे लावलेलं रोप दुसऱ्या वर्षी पिवळं पडून मरायचं, कारण जमीनच खारी. घरांच्या मागे भाताची खाचरं, खाचरांच्या मागे मातीचा बांध आणि बांधापलीकडे खाडी. मोठ्या भरतीला खाडीचं पाणी आमच्या जोत्यांपेक्षा वर असायचं आणि मधे तो एक बांध. त्याच्या भरवशावर आम्ही चौदा घरं जेवायचो, झोपायचो आणि मनसोक्त भांडायचो. अलिबाग आणि पेण यांच्या मधल्या या पट्ट्याला खारेपाट म्हणतात. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं.

समोरासमोर सात-सात घरं, कुडाच्या भिंती, मधून बैलगाडी जेमतेम जाईल एवढी वाट. वास यायचा, तोही सांगून टाकते. सुकत घातलेल्या बोंबलांचा, जवळ्याचा, ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलाचा. शाळेत आमच्या पाड्यातल्या मुलांना वेगळ्या कोपऱ्यात बसवायचे, कारण बाकीच्यांना म्हणे तो वास सहन होत नसे. मी एकदा उभं राहून मास्तरांना विचारलं होतं, की मग तुमच्या घरी बोंबील कुठून येतात? त्याबद्दल छडी खाल्ली. देश स्वतंत्र झाला त्या वर्षीचा माझा जन्म, म्हणजे आज सत्तरी केव्हाच मागे पडली, पण ते मास्तर समोर आले तर मी पुन्हा तेच विचारीन.

आम्हाला कशाची कमी होती असं मला कधी वाटलंच नाही. तांबडा भात घरचा होता. खाचराच्या कोपऱ्यातल्या मचूळ तळ्यात जिताडा मासा वाढत असायचा, तो पाहुण्यांसाठी आणि सणासाठी. एका घरची चूल पेटली की दुसरी बाई खापरीत निखारा घेऊन जायची, म्हणजे काडीपेटीही चौदा घरांत दोन पुरायच्या. बाबा मुंबईला गोदीत होते, शिमग्याला आणि गणपतीला लाँचने यायचे. दादा मिठागरावर जायचा. कमी होतं ते एकच, गोडं पाणी.

पावसाळ्यात गावचा तलाव भरायचा आणि शिमग्यापर्यंत पुरायचा. शिमगा झाला की तळ दिसायला लागायचा. मग त्या भेगाळलेल्या तळात बायका हातभर खोल खड्डे खणायच्या. त्याला आम्ही डवरा म्हणायचो. डवऱ्यात पाणी झिरपायचं, तेही उपकार केल्यासारखं. खड्ड्याशी उकिडवं बसायचं, करवंटीने ते ओंजळभर पाणी उचलायचं, फडक्यातून हंड्यात गाळायचं आणि पुढच्या ओंजळीची वाट बघायची. एका हंड्याला तास लागायचा, वैशाखात त्याहून जास्त. उजाडायच्या आधीपासून बायकांचे नंबर लागलेले असायचे.

एवढ्या कष्टाने आणलेलं पाणी आम्ही कसं वापरायचो ते ऐकून माझ्या नातवंडांना हसू येतं. आंघोळ परातीत बसून करायची. अंगावरून ओघळलेलं पाणी परातीत साठायचं, ते म्हशीच्या पाठीवर जायचं. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी सारवणाला. खोटं बोलणाऱ्या पोराला पडायचा नाही एवढा मार पाणी सांडणाऱ्याला पडायचा. मी दोन्ही केलेलं आहे, तेव्हा मला फरक पक्का ठाऊक आहे.

आता ज्या गावांत विहिरीवर रहाट फिरतात आणि बागेच्या पाटातून पाणी खळखळतं, तिथली माणसं खारेपाटात मुलगी कशाला देतील? द्यायला राजी नसायचीच. द्यायची वेळ आली तर घर बघायला मुद्दाम वैशाखात यायची. पुरुष ओट्यावर पानसुपारी करत बसायचे आणि त्यांच्यातली एखादी वयस्क बाई सरळ स्वयंपाकघरात शिरून हंड्यांवरची झाकणं उचलून बघायची. भांडी किती, दागिने किती हे नंतर. आधी पाणी.

त्यावर आमच्या पाड्याने तोड काढलेली होती. ज्या घरी पाहुणे यायचे असतील त्या घरी सकाळी प्रत्येक घरचा एकेक भरलेला हंडा जायचा. पाहुणीला भिंतीला लागून ओळीने मांडलेले गच्च भरलेले हंडे दिसायचे, तिचा जीव भांड्यात पडायचा, सुपारी फुटायची. पाहुणे वळणापलीकडे दिसेनासे झाले की प्रत्येक बाई येऊन आपला हंडा उचलून न्यायची. सगळे हंडे सारखेच, पण आपल्या हंड्याचे पोचे प्रत्येकीला पाठ असायचे. हे कुणी सुरू केलं ते माहीत नव्हतं. त्याला काही नावही नव्हतं.

मग लग्न होऊन नवी नवरी यायची, आणि हळद उतरायच्या आत तिला डवरा दाखवला जायचा. ती रडायची. मग तिला सवय व्हायची. मग कधीतरी दुसऱ्या घरी पाहुणे यायचे, आणि ती स्वतःचा हंडा घेऊन त्या रांगेत उभी राहायची.

डवऱ्यावर नंबर लावून बसलेल्या बायकांचा आवडता विषय हाच. "तुना किती दाखवले व्हते?" एक विचारायची. "नऊ," दुसरी सांगायची. "नऊच? माझे बापासला अकरा दाखवले!" जिला जास्त हंडे दाखवलेले तिचा मान मोठा. माझ्या आईचा आकडा सगळ्यांत वरचा होता, तेरा. आई किहीमच्या अलीकडच्या एका गावची. तिचे वडील घर बघून परतले आणि म्हणाले, पाण्याचा सुकाळ आहे, तेरा हंडे तर मी स्वतः मोजले. लग्नानंतर पाचव्या दिवशी सासूने आईच्या हातात करवंटी ठेवली. "मना वाटला, कसली तरी पूजा हाय," आई सांगायची, "मी करवंटीला हलद-कुंकू लावला!" इथे सगळ्या बायका पोट धरून हसायच्या. आई पण हसायची. मी ती गोष्ट इतक्यांदा ऐकली होती, की हळद-कुंकवाच्या आधीच मला हसू फुटायचं.

मे महिन्यात चार दिवस आई आम्हाला माहेरी न्यायची. तिथे पोचल्याबरोबर ती विहिरीवर जायची आणि लुगड्यासकट डोक्यावर बादलीमागून बादली ओतून घ्यायची. मामी जेवायला हाका मारून थकायची तरी हिचं चाललेलंच. मला वाटायचं, उन्हाने जीव नकोसा झाला असेल.

मी अकरा वर्षांची होते तेव्हा दादाच्या लग्नाचं चाललं होतं. दादा चोवीसचा. मिठागरात दिवसभर खाऱ्या पाण्यात उभं राहून त्याच्या तळव्यांना चिरा पडलेल्या असायच्या. रात्री तो त्यांत कोमट खोबरेल सोडायचा आणि हूं की चूं करायचा नाही. एकूणच तो बोलायचा कमी. त्याच्या दोन सोयरिकी जुळता जुळता मोडल्या होत्या. त्याच्या वयाच्या पोरांची लग्नं होऊन त्यांची मुलं अंगणात रांगत होती, आणि दादा गल्लीतून जाताना मान खाली घालून जायला लागला होता.

त्याच्या लग्नाची सगळ्यांत जास्त घाई झाली होती ती आत्याला. ही बाबांची थोरली बहीण. विसाव्या वर्षी कपाळ पांढरं होऊन पाड्यात परत आलेली, शेवटच्या घरात एकटी राहायची. दादाला तिने कडेवर वाढवलेला. पाड्यातल्या कुठल्याही घरी पाहुणे यायचे असले की कुणी किती वाजता हंडा आणायचा, कुठला हंडा पुढे मांडायचा, हे आत्या ठरवायची. आईच्या वडिलांना दाखवलेले तेरा हंडेही तिनेच मांडले होते.

चैत्रात आई आणि आत्या मुलगी बघून आल्या. मुलगी आईच्या माहेराला लागून असलेल्या गावची. आत्याचं तोंड बंद होत नव्हतं. मुलगी अंगाने भरलेली, हाताने उरकी, हसरी. "दारान गेलो त कलशीभर पानी वतला आमचे पायांवर," आत्या कौतुकाने सांगत होती, "आन हसतंय काय, पाटाच्या पान्यान गुडघ्याएवढी उभी राहून!" आईने पायांतल्या चपला काढल्या आणि कितीतरी वेळ आपल्या पावलांकडे बघत ओट्यावर बसून राहिली.

वैशाखात पाहुणे यायचा दिवस ठरला. बाबा तीन दिवसांची रजा काढून आले. दादाने नवा सदरा घातला. घर सारवलं, तळ्यातला जिताडा काढला. आणि सकाळी आठच्या सुमाराला, आत्या सोडून बाराजणी, डोक्यावर एकेक हंडा घेऊन आमच्या दारात रांगेने उभ्या राहिल्या. सगळ्यांत पुढे आत्या, तिच्या डोक्यावर एकावर एक दोन.

आई दारात उभी होती. तिने दोन्ही हात चौकटीला लावलेले होते. आत्या म्हणाली, "सर गो, जड झालाय."

"न्हाय वन्स," आई म्हणाली, "आज माझे घरान माझाच पानी दिसल."

आत्याला आधी कळलंच नाही. तिला वाटलं, जागा नाही म्हणतेय. म्हणून तिने हंडे परसदारी मांडायची सोय सुचवली. आईने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मग मात्र आत्याने दोन्ही हंडे खाली उतरवले, आणि जे बोलायला सुरुवात केली ते अर्धा पाडा ऐकत होता. पोराचं वाटोळं करायला निघालीस. दोन मोडल्या, तिसरी पण मोडशील. आज तू झाकण उघडलंस, उद्या गावोगाव बोभाटा होईल आणि मग या पाड्यातल्या एकाही पोराला कुणी मुलगी देणार नाही. तुझ्या एकटीच्या घरचा प्रश्न आहे का हा?

खरं सांगायचं तर मला आत्याचंच पटत होतं. मला वहिनी हवी होती. तिची वेणी घालायची, तिच्याबरोबर शिमग्याला नाचायचं, असं सगळं मी मनात ठरवून ठेवलेलं. आईच्या अंगात एकाएकी काय शिरलं, ते मला कळेना. बाबा ओट्यावरून म्हणाले, "अगो, लोक येतील आता, सर." दादा खांबाला टेकून उभा होता.

आत्याचा आवाज मग खाली आला. ती समजुतीने सांगायला लागली. "रडल चार म्हैने, आनखी काय व्हनार हाय? तू नाय रडलीस? झालीस ना मंग बरी?"

"मी बरी झाली," आई म्हणाली, "ता तुमाला कोनी सांगला?"

ती ओरडली नाही. भाजीला मीठ विचारावं तसं विचारलं. आत्या जन्माची पाड्यातलीच. तिला कधी कुणी हंडे दाखवले नव्हते. तिच्या मागे उभ्या असलेल्या बाराजणींना दाखवले होते. कुणाला नऊ, कुणाला अकरा. रोज डवऱ्यावर हसणाऱ्या त्या बायकांपैकी त्या क्षणी एकीच्याही तोंडावर हसू नव्हतं. मग समोरच्या घरातली काकी, जिचा आकडा अकरा होता, तिने खाली ठेवलेला हंडा उचलून पुन्हा डोक्यावर घेतला आणि आपल्या घराकडे वळली. तिच्यामागून दुसरी गेली. मग एकेक करून सगळ्याच गेल्या. कुणी आईला शाबासकी दिली नाही, कुणी शिवी पण दिली नाही. वाटेत आत्या आणि तिचे दोन हंडे तेवढे राहिले.

मला आजही त्या बायकांबद्दल कुणी वाकडं बोललेलं खपत नाही. एका पुस्तकी बाईने मला एकदा ऐकवलं, की तुमच्या पाड्यातल्या बायका आपल्यासारख्याच दुसऱ्या बायकांना फसवत होत्या. होय, फसवत होत्या. पण घरात पोरं तहानलेली ठेवून, तासभर उकिडवं बसून भरलेला हंडा दुसऱ्याच्या पोराच्या लग्नासाठी उचलून देणं, हे त्या पुस्तकी बाईने आयुष्यात एकदा करून दाखवावं. मग मी तिचं पुढचं ऐकेन.

पाहुणे दहाला आले. मुलीचे मामा आणि मुलीची आई. मुलीची आई ठसठशीत, नाकात मोठी नथ, नजर चौकस. मी त्यांच्यापुढे पाय धुवायला तांब्या ठेवला. एकच तांब्या, दोघांत. मामांनी तो आपल्या पायांवर रिकामा केला आणि दुसऱ्यासाठी माझ्याकडे बघितलं. मी बाबांकडे बघितलं. बाबांनी छपराकडे बघितलं. मुलीच्या आईने धुळीच्या पायांनीच घरात पाऊल टाकलं आणि ती थेट स्वयंपाकघरात गेली.

तिथे दोन हंडे होते. एक भरलेला, एक अर्धा. तिने दोन्ही झाकणं उचलून बघितली, इकडेतिकडे नजर फिरवली, आणखी कुठे असतील म्हणून कोनाड्यामागेही डोकावली.

"हा दोन दिवसांचा," आई म्हणाली. "जेवून घ्या. मंग कुठून आनतो ता दाखवते."

जेवण झालं. जिताड्याचं कालवण झकास झालं होतं, मामा चाटूनपुसून जेवले. मुलीच्या आईने दोन घास खाल्ले. उन्हं जराशी कलल्यावर आई रिकामा हंडा घेऊन निघाली, बाई तिच्या मागे, आणि करवंटी घेऊन मी. बांधाच्या कडेने तलाव वीस मिनिटांवर. तळ पांढराफटक पडलेला, त्यात दहा-बारा डवरे आणि प्रत्येक डवऱ्याशी एकेक बाई. आमचा नंबर आला तेव्हा आई खड्ड्याशी बसली. बाई बघत उभी राहिली. चार करवंट्या झाल्यावर ती म्हणाली, "सरा जरा." पदर खोचून ती स्वतः बसली आणि पाणी उचलायला लागली.

"रोज?" तिने विचारलं.

"रोज. शिमग्यापासून पाऊस पडेस्तोवर."

"आजारी असली त?"

"त पोर येते," आई म्हणाली, आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"पोटुशी असली त?"

"आठवा लागेस्तोवर येवाचा. मंग शेजारनी आनून देतान. माझे दोनी बालंतपनांन सवा म्हैना पाड्याने पानी भरला. एक दिस खंड नाय. ता पन खरा हाय, ता पन सांगते."

बाईने यावर मान हलवली. पाणी झिरपायचं, बाई उचलायची, फडक्यातून गाळायची. तिचा हात सुरुवातीला अवघडला होता, नंतर बसला. हंडा भरायला सव्वा तास लागला. उठताना तिने गुडघ्यावर हात दाबले. आई हंडा उचलायला वाकली तर तिने आईचा हात बाजूला केला, चुंबळ मागून घेतली आणि हंडा आपल्या डोक्यावर चढवला. वाटेत तिने दोनदा हात बदलला, पण थेंब सांडला नाही.

आमच्या ओट्यावर तिने हंडा उतरवला. घाम पुसला. मामा, बाबा, दादा, सगळे उठून उभे राहिले. गल्लीतल्या बायका आपापल्या दारांत आलेल्या, आत्याही तिच्या दारात.

"पोरगी देत नाय," ती आईला म्हणाली. "राग धरू नका."

"राग कसला," आई म्हणाली. "मी पन दिली नसती."

त्या दोघींनी एकमेकींचे हात धरले. मग पाहुणे गेले.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते, कारण लोक विचारतात. आत्या सात महिने आईशी बोलली नाही. पाड्याची ती रीत बंद पडली असं मी म्हणणार नाही. पुढच्या वैशाखात दुसऱ्या एका घरी पाहुणे आले तेव्हा पाच हंडे गेले. आमचा गेला नाही, काकीचाही नाही. मुलं बिनलग्नाची राहून पाडा बुडाला, असंही काही झालं नाही. दादाचं दोन वर्षांनी खाडीपलीकडच्या, आमच्यासारख्याच खाऱ्या गावातल्या मुलीशी झालं. तिला काही दाखवावं लागलं नाही, ती येतानाच सगळं बघून आलेली. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी एवढंच कळत होतं, की तिसरी सोयरीक मोडली, आणि ती आईने मोडली.

दिवेलागणीला आम्ही जेवायला बसलो. बाबा न जेवताच मारुतीच्या देवळात जाऊन बसले होते. दादाच्या अंगात अजून तो नवा सदरा. सकाळपासून त्याने तोंड उघडलेलं नव्हतं. आईने त्याच्यापुढे ताट ठेवलं, सकाळचंच कालवण वाढलं, आणि भाताचं भांडं जवळ ओढलं तेव्हा तो बोलला.

"आये, तुना खरा सांगितला असता, त तू आली असतीस इकडं?"

आई भाताच्या भांड्याशी थांबली. "नसती आली," ती म्हणाली.

"मंग मी?"

एखाद्या दुसऱ्या आईने इथे पोराला जवळ घेतलं असतं. तू झालास म्हणून मी सगळं विसरले, असं काहीतरी म्हटलं असतं. दादाला तेच हवं होतं. त्याचा चेहरा मला दिव्याच्या उजेडात दिसत होता. चोवीस वर्षांचा बाप्या, पण ओठ लहान पोरासारखे थरथरत होते. आईलाही ते दिसत होतं. तिचे डोळे भरून आले, आणि तरीही ती म्हणाली, "नसतास झाला." आणि तिने त्याच्या ताटात भात वाढला.

मी त्याच्या शेजारीच बसले होते. मला राहवलं नाही. "मी पन नसती झाली?"

"तू पन," आई म्हणाली.

दादा खाली मान घालून जेवायला लागला. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. वर्षानुवर्षं हळद-कुंकू लावलेल्या करवंटीवर हसणारी ती बाई आज आपल्याच पोरांच्या तोंडावर, आपलंच काळीज सोलून, खरं बोलली होती. माझ्या आईएवढं धीट माणूस अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात नाही, अशी माझी त्या वेळी खात्री झाली. मी ताट पुढे केलं आणि आणखी भात मागितला.